बँजोच्या नख्या: रुतणं, फिरणं, निसटणं आणि त्यावर काय करायचं

नख्या चढवून दहा-पंधरा मिनिटं वाजवलं की तर्जनीच्या नखाच्या मुळाशी टोचायला लागतं. जरा सैल केली की नखी तारेला अडकून फिरते. पुन्हा आवळली की बोटाचं टोक बधिर. शेवटी वैतागून दुसऱ्या कंपनीची जोडी मागवायची, चार दिवस बरं चालतं, आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

पाच तारांचा बँजो वाजवणारे नाशकात मोजकेच, पण जो भेटतो तो हीच तक्रार घेऊन भेटतो. मी सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे. पत्रा कापणं, वाकवणं, त्याची बर (कापल्यावर कडेला राहणारी बारीक धारदार किनार) काढणं हे रोजचंच काम. त्यामुळे बँजो कसा वाजवावा हे सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. नखी म्हणजे मात्र वाकवलेला पत्राच, आणि पत्र्याचं काय बिघडलंय ते सांगता येतं.

घोळ नको म्हणून आधीच सांगतो, हे मिरवणुकीतल्या बेंजोबद्दल नाही. त्या बटणांच्या वाद्याला उजव्या हातात चपटी नखी धरतात, तिची दुखणी वेगळी. इथे विषय आहे तो अमेरिकी बँजोचा: ताशासारखं गोल अंग, त्यावर ताणलेलं पान, चार लांब तारा आणि अंगठ्याच्या बाजूला एक आखूड पाचवी. १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक अमेरिकी गायक बिल मन्रोच्या ताफ्यात आला आणि त्याची तीन बोटांची पद्धत जगभर गेली. २०२४ साली झाकीर हुसेन आणि राकेश चौरसियांबरोबर ग्रॅमी घेणारा बेला फ्लेक याच वाद्याचा. या पद्धतीत अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी आणि तर्जनी व मधल्या बोटात धातूच्या. करंगळी आणि अनामिका पानावर टेकलेल्या.

पाकिटातून निघालेली धातूची नखी हा अर्धवट तयार माल असतो, हे एकदा मान्य केलं की अर्धं काम होतं. कारखान्याला तुमचं बोट माहीत नाही. चप्पल जशी घातली की झाली, तशी ही वस्तू नाही. बोटावर बसवून घ्यावी लागते. त्यामुळे कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न मी शेवटी घेतो.

घातली आहे ती नीट घातली आहे ना

हसू नका, पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नखी म्हटलं की हात आपोआप ती नखाच्या बाजूने घालतो, वाघनखांसारखी. बँजोची नखी उलट असते. तिचं पातं बोटाच्या मांसल बाजूवर, म्हणजे बोटाचा ठसा उमटतो त्या बाजूवर बसतं आणि टोकाकडे वर वळतं. दोन बाजूंच्या पट्ट्या, आम्ही त्यांना कान म्हणतो, वरून नखाच्या मुळामागे येतात. तार लागते ती पात्याला, बोट आत ओढताना.

कानांची जागाही ठरलेली असू द्या. नखाच्या मुळाची चामडी आणि शेवटचा सांधा यांच्यामध्ये जेमतेम सेंटिमीटरभर पट्टा मिळतो, त्यातच त्यांनी राहायचं. पुढे गेले तर नखाच्या मुळावर चढतात आणि तिथे ठणकतं. मागे गेले तर बोट वाकवताना सांधा त्यांना ढकलतो. बोट पाच-सहा वेळा वाकवून बघा. नखी जागची हलत असेल तर ती फार मागे आहे.

रुततंय कुठे, ते बोटच सांगतं

दहा मिनिटं वाजवून नखी काढा आणि उजेडात बोट बघा. लाल वळ उमटलेले असतील. ते पुसट व्हायच्या आत बघायला हवेत.

वरच्या बाजूला, नखाच्या मुळाजवळ दोन लाल ठिपके असतील तर कानांचे कोपरे टोचतायत. नखाच्या कडेला, बाजूच्या मांसात खूण असेल तर नखी बोटाला अरुंद होते आहे. आणि सांध्याकडच्या बाजूने बोटाभोवती अर्धवर्तुळाकार बारीक रेघ उमटली असेल, तर ती सगळ्यांत जास्त आढळणारी खूण. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नखी निसटण्याचं मूळही तिथेच आहे.

आपलं बोट टोकाकडे निमुळतं होत जातं. वरून चपटं, खालून भरलेलं. नखीचे कान मात्र सरळ नळीसारखे वळवलेले येतात. निमुळत्या बोटावर सरळ नळी चढवली की तिची मागची कड आधी टेकते आणि पुढची कड अधांतरी राहते. सगळा दाब त्या मागच्या एका धारेवर येतो, म्हणून ती रेघ. आणि मागचा भाग जाड, पुढचा बारीक, म्हणजे उतारच झाला. त्या उतारावर मागून दाबलं की नखी पुढेच सरकणार, ओला साबण मुठीत आवळला की सटकतो तशी. आपण काय करतो? निसटते म्हणून आणखी आवळतो. मग ती जास्त रुतते आणि जास्त निसटते.

उपाय म्हणजे कानांना बोटाएवढाच निमुळता आकार देणं. मागची कड किंचित मोकळी, पुढची कड किंचित आत. फरक डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकाच, पण बोटाला लगेच कळतो. पूर्ण पट्टी सारखी टेकली की फारसं आवळावं लागतच नाही.

घरी हे करायला निमुळती गोल वस्तू हवी. लाटण्याचं टोक उत्तम, स्वयंपाकघरातून परवानगी मिळाली तर. जाड मार्कर पेनही चालतं, पण ते सरळ असतं. त्यावर गोलाई येते, निमुळतेपणा हातानेच द्यावा लागतो. कान लाटण्यावर बसवून अंगठ्याने दाबत न्या. पक्कड वापरायचीच असेल तर नोजप्लास घ्या आणि तिच्या जबड्यांना कापडी टेप गुंडाळा, नाहीतर जबड्यावरचे दाते पत्र्यावर उमटतात आणि ते दाते नंतर बोटाला लागतात. पत्रा सोडला की थोडा मागे येतो, म्हणून हवं त्याहून अंमळ जास्त वळवायचं. एका दमात नको. थोडं वळवा, घालून बघा, पुन्हा थोडं.

याहून सोपी वाट सराफ बाजारातली. अंगठीचं माप घ्यायला आणि ती गोल करायला सोनारांकडे लोखंडी निमुळता दांडा असतो. आपल्याला नेमकं तेच हवंय. माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत. त्यांच्यापुढे मी नखी ठेवली तर त्यांनी ती चिमट्याने उचलून उलटसुलट केली आणि विचारलं, "हे कुठल्या देवाच्या बोटाचं?" पंचवटीच्या शेजारी दुकान, त्यांचं काही चुकलं नाही. वाद्याची आहे म्हटल्यावर त्यांनी माझी तर्जनी हातात घेतली, वरून दाबून बघितली, बाजूने दाबून बघितली. मग नखी दांड्यावर सरकवली, लाकडी हातोडीने एका कानावर दोन टोले, दुसऱ्यावर एक. काढली, दांड्यावर उलटी घातली, पुन्हा एक टोला. कडा पॉलिशच्या बफवर टेकवल्या आणि नखी माझ्या बोटात घातली. चहाएवढं काम. तुम्ही गेलात तर सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा, लग्नसराईत तर दुपारी नकोच. त्या गर्दीत तुमच्या जर्मन सिल्व्हरकडे कोण बघणार.

आता कडांबद्दल. नखी पत्र्यातून ठोकून काढलेली असते, त्यामुळे एका बाजूला बर राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याच्या नखावरून कड ओढून बघा, बर असेल तर नख खरवडल्यासारखं लागतं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग १२००, तिन्ही ओले करून. कडा आणि चारही कोपरे गोल होईपर्यंत घासायचे. साबणाचं थेंबभर पाणी घेतलं तर पेपर भरत नाही. लाल ठिपक्यांची तक्रार असलेल्यांनी कोपऱ्यांना आधी बारीक कानस मारावी आणि शेवटच्या मिलिमीटरला किंचित वर उचलावं, म्हणजे कोपरा कातडीत शिरत नाही.

दोन कान एकमेकांवर चढत असतील तर बोट बारीक आहे, नखी मोठी. अशी चढलेली नखी कधीच सुखाने बसत नाही, मध्ये पायरी होते. पत्रा कापायच्या कात्रीने दोन्ही कान थोडे थोडे कमी करा, आणि कापल्यावर बर काढायला विसरू नका. कानांत दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. बोट सुजलं तर नखीला उघडायला जागा हवी.

बधिरपणाची तपासणी सोपी. नखी घातलेल्या बोटाचं नख दुसऱ्या हाताने दाबा, पांढरं पडेल. सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं तर ठीक. त्याहून वेळ लागला, किंवा टोक जांभळट दिसलं, तर रक्त अडतंय. तशा नखीने सराव करू नका. आणि नखी काढल्यावरही मुंग्या जात नसतील तर तो पत्र्याचा विषय राहिला नाही, डॉक्टरांना दाखवा.

फिरते, पण कान नीट आहेत

मग पात्याकडे वळा. सरळ, पुढे आलेलं पातं तारेत खोल शिरतं. तार सुटताना ते खेचलं जातं आणि सगळी नखी बोटावर फिरते. लोक कान आवळत बसतात आणि गुन्हेगार मोकळाच राहतो. पातं बोटाच्या टोकाच्या गोलाईने वर वळलेलं हवं आणि मांसाच्या पुढे दोन-तीन मिलिमीटरच निघालेलं. ते वळवताना मार्करवर घोळवत न्या. एका जागी घडी पडू देऊ नका. घडी पडली की पुढेमागे नखी तिथेच तडकते. पातं फार लांब असेल तर ते वाद्याच्या पानावर टकटक आपटतं, त्या आवाजावरूनही ओळखता येतं.

तार पात्याला कुठे लागते हे बघायची आमच्याकडची पद्धत वापरा. दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात ते पाहायला टूलरूममध्ये निळा रंग लावतात. इथे साधं मार्कर पेन पुरे. पात्याची बाहेरची, तारेकडची बाजू मार्करने रंगवा, वाळू द्या, दोन मिनिटं नेहमीचं वाजवा. शाई जिथे उडाली तिथे तार लागते. पात्याच्या मधोमध, टोकाजवळ पट्टा उडाला असेल तर छान. एकाच कडेची शाई उडाली असेल तर पातं तारेला तिरकं बसतंय; नखी बोटावर त्या उलट दिशेने जराशी फिरवून घाला आणि पुन्हा रंगवून बघा. चौथ्या तारेवर खरखर येते तीही याचमुळे. पाचांपैकी तेवढी एकच तार गुंडाळलेली, तिच्या वेटोळ्यांवरून पात्याची कड घासली की आवाज व्हायचाच. कित्येक जण त्या खरखरीसाठी तार बदलतात. तारेचं काही चुकलेलं नसतं.

मधल्या बोटाची नखी तर्जनीपेक्षा वेगळ्या कोनात बसते, कारण तळहात तिरका असतो. दोन्ही एकसारख्या दिसाव्यात हा आग्रह सोडून द्या.

हवा, घाम आणि मेण

नाशकात ही तक्रार वर्षातून दोनदा हमखास उसळते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की बोटं आक्रसतात आणि नीट बसणाऱ्या नख्या गळून पडतात. एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठली की त्याच नख्या आवळतात. थंडीत नखी सैल वाटली म्हणून तिथल्या तिथे दाबू नका. हात कोमट पाण्यात बुडवा, कोरडे करा, पाच मिनिटं नुसतं वाजवा, मग ठरवा. गार बोटावर आवळलेली नखी बोट गरम झालं की फास होते. ऋतूपुरता फरक करायचा तर कानांच्या फक्त टोकांना हात लावायचा. दिलेला निमुळता आकार मोडायचा नाही.

पत्र्याला वारंवार वाकवण्याचीही एक मर्यादा आहे. दरवेळी तो थोडा कडक होतो आणि शेवटी पातं आणि कान जुळतात त्या मानेपाशी केसाएवढी चीर पडते. ती चीर कातडीला चिमटे काढते. भिंग घेऊन बघा. चीर दिसली तर नखी भंगारात. आणि कोणी सांगितलं की गॅसवर लाल करून मऊ कर, तर ऐकू नका. मऊ होईल, पण मग आकार धरणार नाही.

घामाने सरकत असेल तर आधी नखीला आतून साबणाने धुवा. बोटाचं तेल तिथे थर धरून बसतं. तरीही सरकली तर कुंकवाचं मेण. हो, कुंकू टिकावं म्हणून खाली लावायचं तेच. कानाच्या आतल्या बाजूला नखाने पुसट थर दिला की पकड येते, आणि कापसाने निघतं. व्हायोलिनवाले गजाला लावतात ती राळही चालते, पण तिची पूड तारांवर पडते आणि मला ती आवडत नाही. पावसाळ्यात मात्र मेणापेक्षा कागदी सर्जिकल टेपचा एक वेढा बोटावर घेणं बरं, नखीवर नाही. काही नख्यांच्या कानांना बारीक भोकं असतात. त्यांत कातडी थोडी शिरते आणि पकड मिळते. ज्यांना फार घाम येतो त्यांनी तशाच बघाव्यात.

कान टेकतात तिथे खाज, लाली, बारीक पुरळ येत असेल तर तो घट्टपणा नव्हे. जर्मन सिल्व्हर किंवा निकेल सिल्व्हर म्हणून विकतात त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल, आणि निकेल बरेचदा अठरा टक्क्यांच्या घरात. जीन्सच्या बटणाने किंवा घड्याळाच्या बकलने ज्यांना पुरळ येतं, त्यांना इथेही येणार. पितळेच्या नख्या मिळतात, त्यांच्याकडे वळा. त्यांचा आवाज थोडा गोड, कमी टोकदार. हात हिरवट होतात तेवढं सोसायचं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायची. त्वचा फुटली असेल तर ती बरी होईपर्यंत नखी नकोच.

अंगठा

इथे फार सांगण्यासारखं नाही. प्लॅस्टिकची नखी अंगठ्यावर फिरत असेल तर माप चुकलंय किंवा कडी गोल आहे आणि अंगठा चपटा. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात चिमट्याने धरून वीस-तीस सेकंद बुडवा, मऊ झाली की अंगठ्याच्या जाडीच्या चपट्या लाकडावर बसवा, लगेच गार पाण्यात. सैल करायची तर लाकूड जरा जाड, घट्ट करायची तर जरा बारीक. गरम असताना सरळ अंगठ्यात घालू नका. आणि लायटर, मेणबत्ती अजिबात नको: काही नख्या सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. कडा टोचत असतील तर तोच ८०० नंबरचा पेपर. एवढं करूनही फिरत असेल तर धातूची कडी आणि प्लॅस्टिकचं पातं अशी जोडनखी घ्या. तिची कडी वर सांगितल्याप्रमाणे बोटाच्या आकाराला वळवता येते.

विकत घेताना

आता कंपनी. जाडी आधी बघा, नाव नंतर. डनलॉपच्या निकेल सिल्व्हरच्या नख्या ०.०१३, ०.०१५, ०.०१८, ०.०२२५ आणि ०.०२५ इंच अशा जाडीत येतात. आपल्या भाषेत ०.०१८ म्हणजे २६ गेजचा पत्रा, साधारण ०.४६ मिलिमीटर; ०.०२५ म्हणजे ०.६३ च्या आसपास. आकडे जवळजवळ वाटतात, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. त्याच धातूची, त्याच आकाराची ०.०२५ ची नखी ०.०१८ पेक्षा अडीचपटीहून जास्त ताठ. ०.०२२५ चीसुद्धा जवळपास दुप्पट. म्हणून जाड नखी हाताने नीट वळत नाही, सगळा दाब दोन-तीन बिंदूंवर राहतो आणि रुतते. उलट फार पातळ नखी सुखाची, पण जोरात वाजवलं की कान उघडतात आणि आवाजही पिचका. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ०.०१८ सांगतो. हात जोरकस असेल तर नंतर ०.०२२५. त्याच्या वर जायचं ते सोनाराच्या दांड्याची सोय असेल तरच.

ज्यांची बोटं फारच निमुळती आहेत त्यांना प्रोपिकसारख्या नख्या बघण्यासारख्या. त्यांच्या काही प्रकारांत एका रुंद पट्टीऐवजी दोन अरुंद पट्ट्या असतात. पुढची वेगळी वळवता येते, मागची वेगळी, म्हणजे निमुळत्या आकाराची कटकट निम्मी कमी. टोक उघडं ठेवलेल्या नख्याही असतात, त्यांत बोटाला तार जाणवते. बोटांनी गिटार आधी वाजवलेल्यांना त्या लवकर रुळतात. किंमत जास्त, आणि बाहेरून मागवायच्या तर टपालखर्च नखीपेक्षा वरचढ होऊ शकतो. म्हणून कोणी वाजवणारे ओळखीचे असतील तर एकत्र मागवा.

त्याआधी मेन रोड, शालिमारच्या बाजूच्या जुन्या वाद्यांच्या दुकानांत एक चक्कर टाका. तिथे बँजोच्या नख्या मागितल्या तर मिरवणुकीच्या बेंजोची चपटी नखी हातात पडेल. हवाईयन गिटारच्या मागा. ब्रिजभूषण काब्रा, विश्वमोहन भट्ट यांच्यासारखे मांडीवर गिटार ठेवून वाजवणारे अंगठ्यात आणि बोटांत अशाच नख्या घालतात, आणि त्या वाद्याचा एके काळी आपल्याकडे मोठा षौक होता. त्यामुळे काचेच्या कपाटात मागे कुठेतरी पाकीट सापडतं. त्यावर जाडी लिहिलेली बहुधा नसते. व्हर्निअर खिशात ठेवा. कडेवर माप घेऊ नका, तिथे बर असते. मधल्या सपाट भागावर घ्या. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. आणि दुकानातच घालून बघा: कान पूर्ण उघडून बोटावर ठेवल्यावर ते नखाच्या मुळामागे पोचत नसतील तर ती नखी कितीही वळवून तुमची होणार नाही.

पितळेचा पत्रा आणून स्वतः करावी का, असं विचारणारे भेटतात. करता येते. भांडी बाजारात, तांबट लेनकडे विचारलं तर २४ गेजचा तुकडा मिळून जाईल. जुनी नखी उघडून सपाट करायची, तिचा नकाशा कागदावर काढायचा, त्यावरून पत्रा कापायचा आणि घासायचा. गंमत म्हणून करा. पैसे वाचतील म्हणून करणार असाल तर नको, कात्री आणि कानस धरण्यात रविवार जातो.

आणि नख्या मुळातच नको असतील तर क्लॉहॅमर नावाची जुनी पद्धत आहे. तीत बोट आत ओढत नाहीत, नखाच्या पाठीने तारेवर खाली मारतात आणि अंगठा पाचव्या तारेवर. धातूच्या नख्यांची गरजच नाही. सूर वेगळा, चाल वेगळी, स्क्रग्जच्या पद्धतीचा तो धबधबा त्यात नाही. पण निकेलची ॲलर्जी असलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने तीच धरली आणि आता तो नख्यांचं नावही काढत नाही.

पुन्हा पुन्हा का बिघडतं

नखी एकदा बसवली तरी महिन्याभरात परत तीच तक्रार येते, त्याला कारण वाजवणं क्वचितच असतं. कारण असतं ठेवणं. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर, बँजोच्या पेटीत तारांच्या पाकिटाखाली, किंवा बॅगेच्या तळाशी डब्याखाली. एवढ्या पातळ पत्र्याला तेवढा भार पुरतो. मुलांनी बोटात घालून बघितल्या तरी कान उघडतात. नख्या लाटण्याच्या टोकाएवढ्या जाडीच्या लाकडी तुकड्यावर चढवून ठेवा आणि तो तुकडा छोट्या डबीत. एखाद्या सुताराकडे रंध्याखालचा गोल तुकडा मागितला तर तो फुकट देईल.

दुसरं, तर्जनीची आणि मधल्या बोटाची अदलाबदल. दोन्ही पाहायला सारख्या, पण आता त्यांचे आकार वेगळे आहेत. अंधारात, घाईत उलट्या घातल्या की दोन्ही रुततात आणि माणूस पुन्हा पक्कड शोधायला उठतो. आतल्या बाजूला, कान टेकत नाहीत तिथे, नेलपॉलिशचा ठिपका द्या: लाल ठिपका तर्जनीचा, बिनठिपक्याची मधल्या बोटाची.